घडी त्याच जागी नको

ता. ९, रविवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, मी रात्रभर झोपले नाही. तुला वाटेल बाळामुळे. तसं नाही, पिल्लू गाढ झोपतो. झोपले नाही ती आईच्या लग्नाच्या पोशाखामुळे.

खारूने ट्रंक पाठवली. पाठचा भाऊ माझा, पण सोबत चिठ्ठीचा एक कपटा नाही. ह्यांच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरकडे दिली आणि झालं. त्याने जिन्यावरून वर आणली आणि म्हणाला, वहिनी, यात दगड आहेत की कपडे. उघडली तर आईचा पोशाख, बापूंचा मफलर, आपलं ते टोपडं आणि दुपटं. आईला गुंडाळलेलं, मला गुंडाळलेलं, खारूला गुंडाळलेलं तेच दुपटं. आता पिल्लूला गुंडाळलं.

आणि गोळ्या, मावशी! डांबराच्या पांढऱ्या गोळ्या. प्रत्येक घडीतून निघाल्या, बाहीतून निघाल्या, टोपड्यातून निघाल्या. पोशाख झटकला तर गारा पडाव्यात तशा टपटप खोलीभर पळाल्या. हे दोन दिवस घरी होते, त्यांनी झाडू घेऊन पलंगाखालून गोळा केल्या आणि फडक्यात बांधून कपाटात ठेवल्या. चांगल्या आहेत, टाकायच्या कशाला म्हणाले.

तुला आठवतं ना, आई गेल्यावर ट्रंक कोणी न्यायची यावरून आमचं वाजलं होतं. मी उंबऱ्यात उभी राहून त्याला बोलले होते की तुझ्या खोलीत एका वर्षात कसर लागेल, चाळण होईल पोशाखाची. सगळ्यांसमोर बोलले. त्याने ट्रंक उचलली आणि गेला. तेव्हापासून बोलणं नाही. आता मी पोशाख उजेडात धरून इंच इंच बघितला. एक भोक नाही. माझा तो एक शब्द त्याने वर्षभर उशाला घेतलेला दिसतो.

पोशाख ठेवायचा कुठे कळेना, म्हणून दाराच्या खिळ्याला टांगला. दिवा मालवला आणि आईच दारात उभी. खालून गाडी गेली की भिंतीवरून उजेड फिरायचा आणि पोशाखाच्या घोळात कोणीतरी उभ्या उभ्या पाय बदलल्यासारखं व्हायचं. मी भ्याले असं नाही. म्हणजे भ्यालेच. पण उठून काढला नाही. आलीये तर थांबू दे, नातवाला बघू दे म्हटलं. बाकी मला हल्ली कशाचीही भीती वाटते, तुला माहीत आहे. दूध उतू गेलं तरी छातीत धडधडतं. हे महिन्यातले वीस दिवस ट्रकवर, रेंज नाही, आणि हे एवढंसं पोर माझ्या एकटीच्या भरवशावर.

पण दुपट्यात घेतल्यापासून पिल्लू रडत नाही बघ. दिवसभर झोपतो. आईचा हात लागला जणू.

मावशी, पोशाख तू शिवलास, तर तूच सांग ठेवायचा कसा. माझ्या हातून खराब झाला तर मी खारूला काय तोंड दाखवू? मला शाळा कमी, पण तू सांगशील तसं अक्षरशः करीन.

लोभ आहेच, तो असाच उबदार असू दे.

तुझी
साळू

*

ता. १३, गुरुवार

चि. साळूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. लिहिणारा खालचा घड्याळवाला आहे. डोळ्याच्या ऑपरेशनपासून माझं वाचणं लिहिणं त्याच्याकडे, आणि तो दुकानात नसला तर जिन्यात जो भेटेल त्याच्याकडे. फोनवर मला ऐकू येत नाही, समोरचा ओरडून दमतो आणि मी हो हो म्हणत राहते, त्यापेक्षा पत्र बरं.

तो पोशाख आधी खिळ्यावरून उतरव, वेडे. भिजल्या कपड्यासारखा स्वतःच्याच वजनाने खाली ओढला जातो आणि खांदे फाटतात. तो आडवा झोपवायचा. हात साबणाने धू, बांगड्या, अंगठी काढ. टाचणी, हूक, बक्कल, लोखंडाचं काही असेल ते काढ, गंज रेशमाला खातो. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. छापील कागद नको, शाई उतरते. पुष्कळदा धुतलेली जुनी सुती चादर घे, खळ नसलेली, त्यात गुंडाळ. बाहीत आणि घडीत सुती कापडाच्या सुरळ्या घाल म्हणजे घडी चेपणार नाही. आणि वर्षातून एकदा उघडून, सावलीत वारा देऊन, नव्या जागी घडी घाल. त्याच रेघेवर पुन्हा घडी पडली की एक दिवस कापड तिथेच तुटतं, सुरी लागत नाही. नाटक कंपनीच्या कपडेपटात मी सगळी हयात काढली, राजे-राण्या सगळे घडीवरच फाटलेले बघितले.

दुपटं मात्र धुऊ नकोस. तो धागा आता इतका जुना आहे की पाण्यात सुटेल. आहे तसंच वापर, नुसतं झटकून घे. ट्रंकेच्या चार कोपऱ्यांत चार गोळ्या पुरेत, पोत्याने नकोत.

तुझी आई तर तेवढ्यासुद्धा ठेवू देत नसे. एवढी टापटिपीची बाई, पण गोळ्या म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. एकदा मी कंपनीतून पिशवीभर आणल्या तिच्याकडे, तर तिने ती पिशवी खिडकीतून रस्त्यावर भिरकावली आणि महिनाभर माझ्याशी अबोला. कारण विचारलं तर म्हणाली, माझ्या घरात नको म्हणजे नको. मी म्हटलं, वास सोसत नसेल राणीसाहेबांना. म्हणून तर बिचारी दरसाल सगळे कपडे दोरीवर घालून दिवसभर राखण करत बसायची.

खारू आला होता मागच्या आठवड्यात. त्याचा चेहरा मला बघवला नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसत आला, एवढा तरणा मुलगा. डोळे जुन्या हस्तिदंती बटणांसारखे. म्हणतो, काम जास्त आहे मावशी, आळशी झालोय. उरलेले कपडे, बापूंचा कोट, आईने भरलेल्या उशा, सगळं त्याने पलंगाखाली पेटीत ठेवलंय, गोळ्या घालून. धूळ नको म्हणून खोलीची एकुलती खिडकी खिळ्याने बंद केलीये. मी म्हटलं, अरे, कपडे जपतोयस की स्वतःला पुरतोयस. हसला.

नंबर बदललाय त्याने. नवा नंबर मी भिंतीवरच्या घड्याळाखाली चिकटवून घेतला. तुला द्यायचा नाही म्हणाला, ताईने स्वतः येऊन मागावा. मीही देणार नाही. तुम्हा दोघांची मध्यस्थी करून माझे केस पांढरे झाले.

(ताई, घड्याळवाला लिहितोय. यांचे केस मी आलो तेव्हापासून पांढरेच आहेत.)

बाळाला पापा. माया आहे तशीच राहू दे, पत्राला उशीर नको.

तुझी
मावशी

*

ता. १७, सोमवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सांगितलंस तसं सगळं केलं. हात इतके धुतले की बोटांना सुरकुत्या पडल्या. पोशाखाच्या मागच्या पट्टीत एक टाचणी सापडली. तू शिवताना विसरलेली असणार, म्हणजे आई तुझ्या टाचणीसकट बोहल्यावर चढली. काढली तर रेशमावर टाचणीची तांबूस सावली राहिली. ती मी पुसली नाही. पुसता येणारही नाही म्हणा.

आज दुपारी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली, दोरीवर चादर, चादरीवर पोशाख आडवा. खिडकी अर्धी लोटली. खाली बेकरीवाल्याने शटर ओढलं आणि सगळी गल्ली गप्प झाली. आई घड्या बदलायची तेव्हा आम्ही दोघं पोशाखाच्या घोळाखाली झोपायचो, तुला आठवतं? तंबू म्हणायचो. हातपाय धुतल्याशिवाय तंबूत प्रवेश नाही. खारू पाय धुवायचा नाही आणि मी चहाडी करायचे.

तर मीही पिल्लूला दुपट्यात घेऊन खाली सतरंजीवर आडवी झाले. वरून उजेड गाळून येत होता, सायीतून यावा तसा. अंड्याच्या आत पिल्लाला असंच दिसत असेल. वाऱ्याने घोळ फुगायचा, बसायचा, फुगायचा. कोणीतरी सावकाश श्वास घेतंय असं वाटलं आणि कित्येक दिवसांनी माझे डोळे मिटले.

आई आली होती. आली म्हणजे स्वप्नात, पण दारातून आली, चपला काढून. हात ओले होते. पोशाखाची एक बाजू तिने धरली, दुसरी मला धरायला दिली, आणि आपण दोघी चादरीची घडी घालतो ना, तसं जवळ आलो, लांब गेलो, जवळ आलो. ती म्हणाली, घडी त्याच जागी नको गं. मी म्हटलं, मग कुठे घालू? तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे खाली बघत होती, पिल्लूकडे. नाक मुरडून. वास आल्यावर ती करायची ना, तसं.

जाग आली तेव्हा पिल्लू निजलेलाच. अंगावर घेतलं तर दोन घोट घेऊन पुन्हा निजला. तंबूत सगळंच पिवळसर दिसत होतं, माझा हातही पिवळा, सतरंजीही पिवळी. मला काही वाटलं नाही. मग त्याला घेऊन बाहेर खिडकीशी आले. माझा हात हातासारखा झाला. पण तो पिवळाच राहिला.

मावशी, तो पिवळाच राहिला गं. डोळ्यांचं पांढरंसुद्धा. लंगोट बघितला तर कोऱ्या चहासारखा डाग.

वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, उन्हात धर, लहान पोरांना होतं. होतही असेल. पण मला ते पटत नाही. एवढे दिवस रडत नाही म्हणून मी खूश होते. रडत का नव्हता ते मी विचारलंच नाही. उद्या दवाखाना उघडला की पहिली मी असेन दारात. ह्यांना फोन लागत नाही. हे पत्र आत्ताच पेटीत टाकते, लिहिलं की जरा धीर येतो.

मायेची आहेस, तशीच जवळ राहा.

तुझी
साळू

*

ता. २०, गुरुवार

चि. साळूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून झाल्याबरोबर लिहायला बसवलंय घड्याळवाल्याला, त्याचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून. दवाखान्यात गेली असशीलच. गेली नसशील तर पत्र हातातून टाक आणि नीघ. उन्हाबिन्हाच्या नादी लागू नकोस.

घाबरू नको मात्र. खारू तान्हा असताना असाच पिवळाधमक पडला होता. तुला आठवणार नाही, तू तेव्हा माझ्याकडे होतीस, कपडेपटात राणीच्या शेल्यावर झोपायचीस. तुझी आई त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात होती. त्याला रक्त चढवलं आणि उतरला पिवळेपणा. परत आली ती पार बदलून. आल्या आल्या घरातली कपाटं रिकामी करून धुतली. माझी पिशवी तिने भिरकावली ती त्यानंतरच. मला वाटायचं, जागरणांनी डोकं तापलंय बाईचं.

असो. आधी बाळाचं कळव. पैसे लागले तर सांग. तुझी आई असती तर आत्ता तिथे असती, तिच्याऐवजी माझा हात डोक्यावर आहे असं समज.

(ताई, दुकान मी शनिवार-रविवार बंद ठेवतो, पण पत्र आलं तर कोणीतरी वाचेलच. मावशी दुपारपासून जिन्यात बसल्या आहेत.)

कळवत राहा, जीव टांगणीला आहे.

तुझी
मावशी

*

ता. २३, रविवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पिल्लू रडला. आज सकाळी एवढा रडला की शेजारच्या खाटेवरची बाई वैतागली. मी तिला म्हटलं, रडू दे हो, हवं तर तुम्ही बाहेर जा. मी कोणाला असं कधी बोलत नाही.

त्याला एका काचेच्या पेटीत निळ्या उजेडाखाली ठेवलंय, डोळ्यांवर पट्टी. उघडानागडा, हात पसरून, जणू तळ्यात तरंगतोय. रक्त चढवलं त्याला. कोणाचं रक्त कोण जाणे, मी मनात त्या माणसाच्या पाया पडले. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळेवर आणलंत, धोका टळला. पाच दिवस मी या पेटीजवळ बसून आहे. निळा उजेड माझ्या मांडीवर पडतो. मला कधी कधी वाटतं मी अजून तंबूतच आहे, फक्त रंग बदललाय.

आता नीट ऐक मावशी. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पिल्लूला तपासायच्या आधी त्याचं दुपटं उचलून नाकाशी धरलं. आईने स्वप्नात केलं होतं तस्सं नाक केलं. विचारलं, हे कशात ठेवलं होतं? मी सांगितलं, डांबराच्या गोळ्यांत, वर्षभर. मग त्यांनी विचारलं, बाळाला मामा आहे का? मला वाटलं नात्यागोत्याचं विचारतायत. मी म्हटलं, आहे, पण आमचं बोलणं नाही. त्या म्हणाल्या, बोलणं नसू दे, लहानपणी त्याला कावीळ झाली होती का. मला ठाऊक नव्हतं. तुझं पत्र शेजारीण घरून घेऊन आली, ते वाचलं तेव्हा कळलं. ते मी बाईंना दाखवलं.

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. काही मुलांच्या रक्तात जन्मापासून एक गोष्ट कमी असते. एरवी काही होत नाही, चारचौघांसारखी वाढतात. पण त्या गोळ्यांचा वास अंगात गेला की रक्त आतल्या आत फुटायला लागतं. माणूस पिवळा पडतो, धाप लागते, नुसती झोप येते. ते आईकडून मुलाला जातं. म्हणजे आमच्या आईकडून खारूला आलं. माझ्याकडून पिल्लूला आलं. मोठेपणीही तेच होतं, वय विचारत नाही. हे दुपटं न धुता वापरलं म्हणून जास्त झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस, कापडाचं तू बरोबरच सांगितलं होतंस. नर्सने ते माझ्यासमोर गरम पाण्यात टाकलं. धागा सुटला नाही. जरा विरलं एका कडेला, तेवढंच.

आईला हे ठाऊक होतं गं. तिला वास सोसत नव्हता असं नाही, तिला खारू जगवायचा होता. आम्हाला का सांगितलं नाही कोण जाणे. पोरगा धडधाकट वाढतोय, त्याच्या पाठीवर आजाराचा शिक्का कशाला, असं वाटलं असेल. नुसती दरसाल दोरी बांधून बसायची. आणि आम्ही तंबूत खेळायचो.

मी शेजारणीला सांगून कपाटातली ती गोळ्यांची पुरचुंडी काढायला लावली. पोशाख खिडकीत वाऱ्यावर आहे, सावलीत, आडवा. वास जाईल तेव्हा जाईल.

पण खारूच्या खोलीची खिडकी बंद आहे, मावशी. जिन्यावर बसत बसत आला, तूच लिहिलंस. डोळे जुन्या हस्तिदंती बटणांसारखे, म्हणजे पिवळेच की, तेही तूच लिहिलंस. पेटी पलंगाखाली आहे आणि तो रोज त्या पेटीवर झोपतो. बाईंना हे सगळं सांगितलं. म्हणाल्या, त्या भावाला आजच्या आज कळवा. जुना नंबर मी इथल्या फोनवरून किती वेळा लावला, लागत नाही. नवा तुझ्या भिंतीवर आहे. तुला फोन केला तर तू हो हो म्हणशील, आणि घड्याळवाल्या दादांचा नंबर माझ्याकडे नाही. हे अजून वाटेत आहेत. पिल्लूला सोडून मला हलता येत नाही. म्हणून ही चिठ्ठी नर्सबाईंच्या दिराकडे देतेय, तो बस चालवतो, तुमच्या स्टँडवरून जातो. जिन्यापर्यंत आणून देईन म्हणालाय.

मावशी, माया आहेच, ती आता माझ्याकडून थोडी त्याच्याकडे वळव.

आणि आता हे पुढचं वाचणाऱ्यासाठी. आज रविवार, दुकान बंद असेल. तुम्ही घड्याळवाले दादा असाल, नाहीतर जिन्यात भेटलेलं कोणीही असाल. मावशीला हे मोठ्याने वाचून दाखवायच्या आधी आत जा. भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्या खाली कागद चिकटवलाय, त्यावर नंबर आहे. तुमच्या फोनवरून लावा, तो अनोळखी नंबर उचलतो. आधी त्याला म्हणा, खिडकीचा खिळा काढ आणि पेटी बाहेर नेऊन ठेव. मग म्हणा, दवाखान्यात जा आणि रक्त तपासायला सांग, गोळ्यांचं सांग, तान्हेपणीच्या काविळीचं सांग. भाच्याचं त्याला आज सांगू नका, तो बरा होतोय, ते मी सांगेन. त्याची काही चूक झाली असं तर अजिबात म्हणू नका. पोशाखाला एक भोक नाही, एवढं माझ्याकडून सांगा. तो विचारेल कोणी सांगितलं, तर सांगा, ताईने, आणि ती तुझा नंबर मागतेय.

उचलला नाही तर पुन्हा लावा. तेव्हाही उचलला नाही तर पुन्हा. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण मी हात जोडते, माझ्या भावाला फोन करा.

साळू